घर नसलेला पत्ता

ऐरोली, नवी मुंबई

तीर्थरूप आई-बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

रविवारी नौपाड्याहून निघताना बाबांच्या प्रश्नाला मी घाईत अर्धवट उत्तर दिले, ते मनात सलत राहिले, म्हणून सविस्तर लिहीत आहे. इंटरनेटवरून येणाऱ्या वाहिनीवरचा एकच सामना हजारो घरांत दिसतो, तेव्हा पाठवणाऱ्याला हजारो प्रती पाठवाव्या लागतात का, असे बाबांनी विचारले होते.

मल्टिकास्ट पद्धतीत तशा लागत नाहीत. पाठवणारा एकच प्रत सोडतो आणि वाट जिथे फुटते तिथेच राउटर, म्हणजे माहिती पुढच्या वाटेला लावणारे यंत्र, त्या प्रतीची दुसरी प्रत काढतो. मुंबईहून ठाण्यापर्यंत एकच यावी, आणि ठाण्यात तिच्या दोन होऊन एक घोडबंदरकडे, तर दुसरी कळव्याच्या खाडीपुलावरून आमच्याकडे यावी, तसे.

बाबा, तुम्ही आयुष्यभर टपालाची वर्गवारी केलीत, त्यामुळे यातला पत्ता तुम्हाला विचित्र वाटेल. २२४.०.०.० पासून २३९.२५५.२५५.२५५ पर्यंतचे पत्ते कोणत्याही एका यंत्राचे नसतात. त्यांतला प्रत्येक पत्ता म्हणजे एका गटाचे नाव असते, आणि त्या गटात कोण आहे हे पाठवणाऱ्यालाही ठाऊक नसते. संगणकशास्त्रज्ञ स्टीव्ह डीअरिंग यांनी १९८९ च्या मानकात ही मांडणी केली, आणि यादी सांभाळण्याचे ओझे तिने कोणा एकावर टाकले नाही, हे मला तिचे खरे शहाणपण वाटते. ज्याला ऐकायचे आहे त्याचे यंत्र आयजीएमपी या संकेताने जवळच्या राउटरला तसे कळवते, तो पुढच्या राउटरला कळवतो, आणि वाट अशी ऐकणाऱ्यापासून उगमाकडे बांधली जाते. आपल्या बाजूला किती जण ऐकतात हे राउटरला मोजावे लागत नाही. एक जण असला तरी पुरे. साधारणपणे दर १२५ सेकंदांनी तो विचारपूस करतो, आणि दोन फेऱ्यांत कोणीच उत्तर दिले नाही, तर त्या बाजूचा प्रवाह बंद करतो.

इंटरनेटवरचे पत्ते आणि पाठवणी ज्या नियमांनी चालते, त्या आयपीच्या सहाव्या आवृत्तीत तर सगळ्यांना एकदम हाक मारण्याची ब्रॉडकास्ट पद्धतच ठेवलेली नाही. शेजारचे यंत्र शोधायचे झाले, तरी त्याच्या पत्त्याच्या शेवटच्या २४ बिटांवरून, म्हणजे शून्य-एकच्या अंकांवरून, ठरणाऱ्या गटालाच विचारले जाते. खुल्या इंटरनेटवर मात्र मल्टिकास्ट फारसे चालत नाही, ते बहुतेक एकाच कंपनीच्या जाळ्यात वापरले जाते, याची मला खंत वाटते.

आई, तुझा मोबाइल घरातला प्रिंटर आपोआप शोधतो, तो बहुधा २२४.०.०.२५१ या गटाच्या पत्त्यावर विचारूनच. ही विचारणा राउटर घराबाहेर जाऊ देत नाही, म्हणून तुझे कागद शेजाऱ्यांच्या प्रिंटरवर छापले जातील, ही काळजी करू नकोस.

तुमची,
लेक