आमच्या आजीनेही विचार केला होता

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीतला मराठी ख्रिस्ती समाजावरचा लेख वाचला. ब्राह्मण घरांतून ख्रिस्ती झालेले कवी ना. वा. टिळक आणि पंडिता रमाबाई यांच्याविषयी लेखकाने आदराने लिहिले आहे, त्याबद्दल आभार. पण नगर जिल्ह्यातल्या खेड्यापाड्यांतल्या आम्हा ख्रिस्त्यांना त्यांनी एका वाक्यात उरकले आहे: दुष्काळात धान्यासाठी धर्म बदललेले. टिळक विचार करून आले आणि आमचे पणजोबा भुकेपोटी आले, अशी ही वाटणी. वाचल्यापासून डोके तापले आहे.

१८७६-७८च्या दुष्काळात मिशनचे धान्य आमच्या लोकांनी खाल्ले. त्यात लपवण्यासारखे काय आहे? पण पुढे पाऊस पडला, सुगी आली, तेव्हा ते परत का गेले नाहीत? आमच्या पणजोबांनी मेलेली गुरे ओढायचे सोडले आणि गावाने त्यांचे बलुते बंद केले. नुसत्या पोटाकडे बघणारा माणूस हातातले बलुते घालवील का?

आजीला अक्षरओळख नव्हती. चर्चमध्ये ऐकलेले तिला पाठ असे, आणि त्यातही बायबलमधल्या योहानाच्या शुभवर्तमानातली शोमरोनी बाई, म्हणजे यहुदी ज्यांच्याशी संबंध ठेवत नसत त्या लोकांतली बाई, तिची फार जवळची. आजी लहानपणी घागर घेऊन गावच्या विहिरीपाशी उभी राहायची. कुणाला दया आली तर वरून पाणी ओतायचे, नाही आली तर ऊन डोक्यावर येईपर्यंत तिष्ठत राहायचे. येशू भर दुपारी विहिरीवर बसून त्या बाईकडे प्यायला पाणी मागतो, हे सांगताना ती "तिच्या हातचं" असे दोनदा म्हणायची. आणि मग म्हणायची, "घागर तिथंच टाकून ती गावात पळाली. अन् गावानं तिचं ऐकलं! आपल्या महारवाड्यातल्या बाईचं गावानं कधी ऐकलंय का रं?" मी आयुष्यभर प्रवचने ऐकली, पण गावाने तिचे ऐकले यावर थांबलेला एकही पाळक मला भेटला नाही. ज्या बाईला विहिरीशी कुणी बोलू दिले नाही, तिलाच ते दिसले. हा विचार नाही, तर विचार कशाला म्हणायचे?

अरविंद निर्मल या मराठी धर्मपंडितांनी १९८१ साली बंगळुरूच्या व्याख्यानात स्पष्ट सांगितले होते की, भारतातले ख्रिस्ती धर्मशास्त्र ब्राह्मणी परंपरेतच घुटमळत राहिले आहे आणि चर्चमध्ये बहुसंख्य असलेल्या दलितांचे जगणे त्यात कुठेच नाही. पुढे चेन्नईच्या गुरुकुल महाविद्यालयात त्यांनी दलित धर्मशास्त्राचा विभाग उभा केला; येशू स्वतः दलित होता, ही त्यांचीच मांडणी. मराठी ख्रिस्ती समाजावरच्या पानभर लेखात त्यांचे नावही असू नये, याचे मनापासून वाईट वाटते.

आणि पोटाचाच हिशेब काढायचा, तर पुढचाही काढा. १९५०च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातीच्या सवलती फक्त हिंदूंपुरत्या ठेवल्या. १९५६ साली त्यात शीख आले, १९९० साली बौद्ध आले. ख्रिस्ती आजही बाहेर आहेत. माझ्या मुलाला त्यापायी काय काय सोसावे लागले, ते लिहायला एक पत्र पुरणार नाही. तालुक्याच्या कचेरीतला कारकून त्याला म्हणाला, "धर्माचा रकाना बदल, उद्या काम होईल." त्याने बदलला नाही. त्याच्यासारखे शेकडो आहेत. काहींनी बदलला असेल, त्यांना मी दोष देणार नाही. पण जे राहिले ते कशासाठी राहिले, हे त्यांनाच विचारा. नेवासा, राहुरी, शेवगाव इथे कुठल्याही गावात या. सप्टेंबरात हरेगावला मतमाउलीच्या, म्हणजे मारियामातेच्या, यात्रेला या, तिथे रांगेत उभ्या असलेल्या बायांशी बोला.

जाता जाता आणखी एक. लेख नगर जिल्ह्याविषयी आणि फोटो जुन्या गोव्यातल्या चर्चचा! आमच्याकडे चर्च नाहीत का? पुढच्या अंकात निदान एवढी दुरुस्ती छापावी.

आपला,
एक निवृत्त शिक्षक, ता. नेवासा