तिसऱ्या ओळीबद्दल बाईंचे आभार

आदरणीय बाई,
सादर नमस्कार.

आपले घर माझ्या घरापासून चार पावलांवर आहे, तेव्हा हे पत्र हातोहात आणून देता आले असते. पण आभाराचा शब्द काढला की आपण “पुरे रे, चहा घे आधी” म्हणून विषय मोडता, हे शाळेपासून ठाऊक असल्यामुळे उघड पत्राचा मार्ग धरला आहे. आपले नाव लिहीत नाही. चोडण बेटावर ते ओळखायला नावाची गरज नाही, आणि चोडणाबाहेर ते कळावे अशी आपली इच्छा नसणार.

दोन वर्षांपूर्वीच्या पावसाळ्यात, रायबंदरहून परतताना, मी फेरीबोटीवर बाबांवर चारचौघांदेखत ओरडलो होतो. बोट धक्क्याला लागली तरी ते जागचे हलले नव्हते आणि कुठे उतरायचे, असे त्यांनी मला दुसऱ्यांदा विचारले होते. आपण कठड्याशी उभ्या होतात. त्या वेळी आपण एका शब्दानेही काही बोलला नाहीत. बोलला असतात तर मी बहुधा आपल्यावरही रागावलो असतो. दुसऱ्या दिवशी मात्र एक कोरी वही पाठवलीत आणि निजण्यापूर्वी रोज चार ओळी लिहायला सांगितलेत. आज कोणी काय दिले ते पहिल्या ओळीत, कुठे बिनसले ते दुसऱ्या, बिनसण्याच्या अगदी आधी मनात काय आले ते तिसऱ्या, आणि उद्या पुन्हा तसेच घडले तर काय करशील ते चौथ्या ओळीत.

चुका शोधायच्या असताना सुरुवात उपकारांनी कशाला, असे मी विचारले होते. तेव्हा आपण पलीकडच्या तीराकडे, जुन्या गोव्याच्या दिशेला बोट दाखवलेत. १५४२ मध्ये गोव्यात उतरलेल्या फ्रान्सिस झेवियरचे गुरुबंधू आणि जेझुइट या ख्रिस्ती धर्मसंघाचे संस्थापक इग्नेशियस लोयोला यांनी मनाची जी रोजची तपासणी घालून दिली, तिची पहिली पायरी दोषांची नसून कृतज्ञतेची आहे, हे मला आपल्याकडून कळले. ज्याला दिवसभरात काही मिळाले आहे असे दिसते, तोच उरलेले न घाबरता पाहू शकतो, असे आपण म्हणाला होतात. शाळेत आपण मराठी शिकवीत होतात. हे सारे कधी वाचलेत, ते अजून सांगितलेले नाही.

एक कबुली देतो. पतसंस्थेत रोजमेळ जुळवण्यात आयुष्य गेल्यामुळे मी वहीच्या शेवटच्या पानावर तक्ता आखला होता. बेंजामिन फ्रँकलिनने तेरा सद्गुण निवडून दर आठवड्याला एकेकाकडे लक्ष द्यायचे आणि चुकेल तिथे ठिपका करायचा, अशी पद्धत ठेवली होती, हे कुठेतरी वाचले होते. तेरा आठवड्यांची एक फेरी, वर्षाला चार फेऱ्या. हिशेबनिसाला आणखी काय हवे? आपण तक्ता पाहिलात आणि एवढेच म्हणालात, “ठिपके मोजशील, पण ठिपका का पडला ते कधी बघणार?” त्या रात्री मी ते पान फाडले. फ्रँकलिनवर अन्याय झाला असेल, पण माझ्या स्वभावाला आपलेच औषध लागू होते.

पहिला महिनाभर माझी दुसरी ओळ ठरलेली असे: “बाबांवर चिडलो.” तिसऱ्या ओळीत मी “दमलो होतो”, “उशीर झाला होता” असे काहीतरी लिहून वही मिटत असे. चतुर्थीच्या दिवसांत तर पाने कोरीच राहिली. आपण तीही तशीच ठेवायला लावलीत. मग एका रात्री, त्यांनी घरातच न्हाणीघराची वाट विचारली त्या दिवशी, तिसऱ्या ओळीत “भ्यालो” असा शब्द उतरला आणि माझा मलाच धक्का बसला. मागची पाने चाळली तेव्हा प्रत्येक चिडण्याच्या आधी तेच उभे होते. डॉक्टरांकडे जाणे मी टाळत होतो आणि त्याला बाबांचा मान राखणे म्हणत होतो. प्रत्यक्षात मला निदान ऐकायचे नव्हते.

विस्मरणाची काही कारणे बरी होण्याजोगी असतात, हे त्यानंतर कळले. थायरॉईडचे प्रमाण बिघडले किंवा बी-१२ जीवनसत्त्व कमी पडले तरी स्मरणशक्ती ढासळू शकते, म्हणून आधी रक्त तपासतात. बाबांचे बी-१२ खरोखरच कमी होते. ते भरून काढल्यावर थोडा उजाळा आला, आणि उरला तो विस्मरणाचा आजार, जो आता घरात राहणार आहे. माझ्या भित्र्या आदरात त्यांचे कितीतरी महिने गेले, हे मी वहीत लिहिले आहे आणि इथेही लिहितो.

यानंतर मी दुसऱ्या टोकाला गेलो, ते आपल्या नजरेतून सुटले नाही. फाटकाला कुलूप, खिडकीशी बसून राहायची सक्ती, धक्क्यावर जायला बंदी. सगळी आळी म्हणत होती की मुलगा किती जपतो! आपण गीतेचा सोळावा अध्याय काढून बसलात. दैवी संपत्तीच्या सव्वीस गुणांची यादी अभयापासून सुरू होते आणि नातिमानितेवर, म्हणजे अति मान न बाळगण्यावर, संपते, आणि तिसऱ्या श्लोकात तेजाला अगदी लागून क्षमा येते, हे आपण बोट ठेवून दाखवलेत. यादीच्या शेवटी ‘अति’ला नकार आहे, तो मी तोवर कधी ऐकलाच नव्हता. “तू बाबांना जपतोस की स्वतःच्या भीतीला?” हा प्रश्न विचारताना आपला आवाज वर्गात असायचा तसाच होता. तिसऱ्या ओळीत पुन्हा तोच शब्द लिहावा लागला.

आता बाबांच्या खिशात माझा फोन नंबर लिहिलेली चिठ्ठी असते. संध्याकाळी ते धक्क्यावर फेरीबोट पाहायला जातात. मी किंवा माझी मुलगी थोडे अंतर ठेवून मागे असतो. दोनदा ते खाजनाच्या, म्हणजे खाडीकाठच्या खाऱ्या शेतजमिनीच्या, बांधाकडे वळले, आणि दोन्ही वेळा त्यांना चुकल्याचे न जाणवू देता मागे आणता आले.

काल त्यांनी मला त्यांच्या धाकट्या भावाच्या नावाने हाक मारली. मी ओ दिली. रात्री पहिल्या ओळीत आपले नाव लिहिले, दुसरी ओळ रिकामी राहिली, आणि तिसरीत लिहिले: “भ्यालो, पण बसून राहिलो.”

आपला विद्यार्थी,
चोडण, तिसवाडी