शर्यतीच्या छायाचित्रात चाके फिरताना दिसू द्या

मा. संपादक,
महोदय,

आपल्या क्रीडापानावर मोटारसायकल शर्यतींची छायाचित्रे अधूनमधून येतात, याचा मला आनंद आहे. क्रिकेटने व्यापलेल्या पानावर या खेळाला दोन स्तंभांची जागा मिळणे ही लहान गोष्ट नाही. तरीही त्या छायाचित्रांविषयी एक विनंती करण्यासाठी हे पत्र लिहीत आहे. बहुतेक चित्रांत गाडी वळणावर झुकलेली असते, स्वाराचा गुडघा जमिनीला लागलेला असतो, परंतु चाकाची एकेक आरी मोजता येते आणि टायरवरची अक्षरेही वाचता येतात. वेग हा ज्या खेळाचा प्राण आहे, त्याच्या चित्रातून नेमका वेगच नाहीसा झालेला असतो.

हा केवळ आवडीनिवडीचा प्रश्न नाही. छायाचित्रण शिकणारी मुले वर्तमानपत्रातील चित्रे नमुना म्हणून पाहतात. वर्गात त्यांना सांगितले जाते की, विषय वेगवान असेल तर शटर १/२००० वर, म्हणजे सेकंदाच्या दोन हजाराव्या भागापुरतेच उघडे, ठेवा. स्पर्धेत परीक्षक मागची पार्श्वभूमी ओढली गेलेली पाहून ‘फोटो हलला आहे’ असे म्हणतात आणि चित्र बाजूला ठेवतात. ज्या विद्येला शर्यतीच्या छायाचित्रणाची खरी कसोटी मानावे, त्या पॅनिंगच्या, म्हणजे मंद शटर ठेवून गाडीच्या बरोबरीने कॅमेरा फिरवत चित्र घेण्याच्या, वाटेला मग कोणी जातच नाही.

साधा हिशेब पाहावा. ताशी १४४ किलोमीटर वेगाने जाणारी गाडी एका सेकंदात ४० मीटर अंतर कापते. शटर १/१००० सेकंद उघडे राहिले, तर तेवढ्या अवधीत ती ४ सेंटिमीटर पुढे जाते. सतरा इंची रिमच्या चाकाचा परीघ टायर धरून दोन मीटरांच्या आत-बाहेर भरतो; म्हणजे ते चाक त्या अवधीत जेमतेम सात-आठ अंश फिरते आणि आसाजवळ तर ते थांबल्यासारखेच दिसते. तेच शटर १/१२५ वर आणले की गाडी ३२ सेंटिमीटर जाते आणि चाक सुमारे साठ अंश फिरते. पाच आऱ्यांचे चाक असेल तर दोन आऱ्यांमधले जवळपास सगळे अंतर त्यात भरून निघते आणि चाक खरोखर फिरताना दिसते. अर्थात, गाडीच्या बरोबरीने कॅमेरा फिरवला नाही तर ३२ सेंटिमीटरांत सगळीच गाडी पुसली जाईल. पॅनिंग शिकायचे ते यासाठी.

मी गेली काही वर्षे चेन्नईजवळच्या इरुंगट्टुकोट्टई येथील ट्रॅकवर शर्यती पाहायला आणि टिपायला जातो. शोलावरमच्या जुन्या धावपट्टीवर होणाऱ्या शर्यतींनंतर १९९० मध्ये सुरू झालेला हा ३.७ किलोमीटरचा ट्रॅक शिकणाऱ्यांसाठी उत्तम आहे, असे माझे अनुभवाअंती मत झाले आहे. तेथे दीडशे-एकशे पासष्ट सीसीच्या गाड्यांच्या शर्यतीही होतात. त्यांचा वेग नवशिक्याला पेलण्याजोगा असतो आणि तीच गाडी, तोच स्वार थोड्याच वेळात पुन्हा त्याच वळणावर येतो. आधीच्या फेरीत काय बिघडले ते लगेच सुधारून पाहता येते; ही सोय रस्त्यावरच्या वाहनांवर सराव करताना मिळत नाही. त्यातही शर्यतीपेक्षा सरावाच्या आणि पात्रता फेऱ्या शिकण्यासाठी अधिक चांगल्या, कारण गाड्या विखुरलेल्या असतात आणि निकालाकडे लक्ष ठेवावे लागत नाही.

उभे कोठे राहावे, हे कॅमेऱ्याच्या किमतीहून महत्त्वाचे आहे. वळणाच्या आतल्या बाजूला, सुरक्षित कुंपणामागे जागा मिळाली तर गाडीचे आपल्यापासूनचे अंतर बराच वेळ जवळपास सारखे राहते. त्यामुळे फोकस टिकतो, कॅमेरा एकसारख्या गतीने फिरवता येतो आणि आत झुकलेल्या स्वाराचे हेल्मेट व गुडघा आपल्याकडे असतो. बाहेरच्या बाजूने अनेकदा केवळ पाठ मिळते. जेथे शटर दाबायचे त्या बिंदूकडे पावले रोखून उभे राहावे, गाडी दूर असतानाच कमरेतून वळून तिला पकडावे, फोकसचा बिंदू हेल्मेटवर ठेवावा, आणि शटर दाबल्यानंतरही कॅमेरा थांबवू नये; चेंडू सुटल्यावरही गोलंदाजाचा हात जसा पूर्ण फिरतो, तसा तो फिरत राहिला पाहिजे. दाबताक्षणी हात आखडला की चित्र गेले. लेन्समध्ये कंपनरोधक असेल तर तो केवळ उभी हालचाल आवरेल अशा स्थितीत ठेवावा. पार्श्वभूमीही निवडावी लागते. मागे कोरे आकाश असेल तर शटर कितीही मंद ठेवा, वेग दिसत नाही. झाडे, फलक, टायरांच्या रंगवलेल्या राशी किंवा प्रेक्षक असतील तरच रेषा ओढल्या जातात.

आपल्याकडच्या दुपारच्या उन्हाचा मुद्दा मात्र शिकवणारे सहसा सांगत नाहीत. भर उन्हात आयएसओ, म्हणजे सेन्सरची प्रकाशसंवेदनशीलता, १०० इतकी कमी ठेवूनही १/६० च्या शटरसाठी अ‍ॅपर्चर, म्हणजे लेन्समधले प्रकाशाचे छिद्र, एफ/१६ च्याही पुढे मिटवावे लागते. तेवढ्या लहान छिद्रामुळे सेन्सरवरची धूळ काळ्या ठिपक्यांच्या रूपाने उमटते आणि प्रेक्षकांसमोरची लोखंडी जाळीही चित्रात उतरू लागते. जाळीला लेन्स भिडवून अ‍ॅपर्चर मोठे ठेवले की जाळी विरघळते, पण मग शटर मंद ठेवता येत नाही. या कोंडीवर उपाय म्हणजे दोन किंवा तीन स्टॉपचा एनडी फिल्टर, म्हणजे लेन्सवर लावायची, प्रकाश एक चतुर्थांश किंवा एक अष्टमांश करणारी काळसर काच. ही साधी काच महागड्या लेन्सच्या आधी घ्यावी, असे मी प्रत्येक नवशिक्याला सांगतो.

हललेले चित्र म्हणजे चुकलेले चित्र, ही समजूत इतिहासालाही धरून नाही. जाक-आंरी लार्तीग या फ्रेंच तरुणाने १९१० च्या दशकात एका मोटार शर्यतीत घेतलेले छायाचित्र आजही जगभर दाखवले जाते. त्यात मोटारीचे चाक पुढे कललेले, अंडाकृती दिसते आणि प्रेक्षक व खांब उलट दिशेला झुकलेले दिसतात. त्या कॅमेऱ्याच्या शटरची फट चित्र उमटणाऱ्या काचेवरून सरकत असताना चाक पुढे जात होते आणि लार्तीग कॅमेराही फिरवत होते, म्हणून असे घडले. परीक्षकाच्या चष्म्यातून पाहिले तर तो सरळसरळ दोष आहे. परंतु वेग पाहणाऱ्याच्या अंगावर येतो तो त्याच दोषामुळे.

सर्वच चित्रे मंद शटरने घ्यावीत, असे माझे म्हणणे नाही. ब्रेक लावताना समोरून येणारी गाडी, मागचे चाक उचलले गेल्याचा क्षण, दोन स्वारांची झटापट किंवा अपघात टिपायचा तर १/१००० किंवा त्याहून जलद शटरच हवे. बातमीदारीत पुरावाही लागतो. सप्टेंबर २०२३ मध्ये ग्रेटर नोएडाच्या बुद्ध सर्किटवर झालेल्या मोटोजीपी या जागतिक मोटारसायकल अजिंक्यपदाच्या शर्यतीसाठी जगभरचे निष्णात छायाचित्रकार आले होते आणि ते दोन्ही पद्धती वापरतात. आपल्याकडे जलद शटरची तेवढी शिकवली जाते, याचे मला वाईट वाटते.

महाराष्ट्रात चाकणसारख्या ठिकाणी मोटारसायकली बनतात, गावोगावी त्यांचे वेड असलेली मुले आहेत. परंतु राष्ट्रीय अजिंक्यपद शर्यती पाहायच्या तर त्यांना प्रामुख्याने चेन्नई किंवा कोइमतूर गाठावे लागते. तेथपर्यंत जाणाऱ्याला जाळीमागून दोन तास धडपडून परत यावे लागू नये. म्हणून आयोजकांनी सरावाच्या दिवशी मार्शलच्या, म्हणजे ट्रॅकवरच्या सुरक्षा-कर्मचाऱ्याच्या, देखरेखीखाली, कुंपणाच्या आत न सोडता, जाळीत लेन्सपुरती खिडकी असलेली एखादी जागा शिकणाऱ्यांसाठी राखून ठेवावी. आपल्याकडूनही एक अपेक्षा आहे. पुढच्या शर्यतीच्या वेळी आपल्या छायाचित्रकाराने पाठवलेल्या चित्रांत एखादे पार्श्वभूमी ओढली गेलेले, पण हेल्मेट लख्ख असलेले चित्र असेल, तर ते बाजूला न सारता मोठे छापावे आणि त्याखाली शटरचा आकडाही द्यावा.

आपला,
एक वाचक, पुणे