दोराला लोंबकळण्यात कसले शौर्य?

मा. संपादक महोदय,
स. न. वि. वि.

कालच्या अंकात पहिल्या पानावर आपण छापलेले छायाचित्र आणि त्याखालची ‘तरुणांनी रोखला फुगा’ ही ओळ वाचल्यापासून अस्वस्थ आहे. वाऱ्याने कलंडणाऱ्या, माणसे नेणाऱ्या गरम हवेच्या फुग्याच्या दोराला लोंबकळणारी आठ-दहा पोरे आपल्याला शूर वाटली. मला मात्र त्यांतल्या दोघांचे पाय जमिनीवरून सुटलेले दिसले. फुगा म्हणजे हलकी वस्तू, हा समज आधी सोडावा. चार-पाच माणसे नेणाऱ्या फुग्यात साधारण ३,००० घनमीटर हवा मावते आणि त्या हवेचेच वजन तीन टनांच्या आसपास भरते. असे धूड एकदा सरकू लागले की पोरांनी टाचा रोवून ते थांबत नसते. राजस्थानातील बारां येथे एप्रिल २०२५ मध्ये दोर धरून असलेला एक कर्मचारी फुग्यासोबत वर ओढला गेला, दोर तुटला आणि तो खाली पडून मरण पावला. दोर मनगटाला गुंडाळायचा नाही आणि टाच उचलली जाताच हात सोडायचा, एवढे त्या पोरांना कोणी सांगितले होते का, हे आपल्या वार्ताहराने विचारले असते तर बरे झाले असते.

मी हे तिऱ्हाईतपणे लिहीत नाही. दोन वर्षांपूर्वी पौषातल्या एका पहाटे सूनबाई आणि नातवाला घेऊन मी आमच्या तालुक्याच्या गावाबाहेरील माळावर असेच उड्डाण पाहायला गेलो होतो. कापड जमिनीवर पसरून त्यात आधी गार हवा भरतात आणि फुगा पुरेसा फुगला की मगच बर्नर पेटवतात. ही हवा भरणारा पंखा पेट्रोलच्या इंजिनावर चालतो आणि जेवढी हवा पुढे फेकतो, तेवढीच मागून ओढतो. थंडी मरणाची होती, पुढच्या बाजूला वारा झोंबत होता, म्हणून बायाबापड्या लेकरांसह पंख्याच्या मागे उभ्या राहिल्या. तिथे ना दोरी बांधलेली, ना कोणी हटकणारा. नातवाला उचलून घेण्यासाठी सूनबाई वाकल्या आणि ओढणीचे टोक जाळीतून आत गेले. खांद्यावरची पिन तुटली म्हणून गळा वाचला. त्या गुडघ्यावर आपटल्या आणि इंजिन बंद होईपर्यंत अख्खी ओढणी पात्याभोवती गुंडाळली गेली होती. यावर आयोजकांपैकी एक गृहस्थ म्हणाले, “ताई, जरा सांभाळून उभं राहायचं ना!” दिलगिरीचा एक शब्द नाही. ऑस्ट्रेलियातील ॲलिस स्प्रिंग्ज येथे २०१३ मध्ये एका प्रवासी महिलेचा स्कार्फ अशाच पंख्यात ओढला जाऊन तिचा जीव गेला, हे मला पुढे कळले आणि त्या रात्री झोप लागली नाही.

मराठवाड्यात मळणी यंत्राजवळ जाताना पदर खोचायला कोणत्याही बाईला शिकवावे लागत नाही, कारण त्या यंत्राने काय केले आहे ते गावोगावी ठाऊक आहे. या पंख्याकडे मात्र रंगीबेरंगी फुग्याचा सरंजाम म्हणून पाहिले जाते. उड्डाणासाठी दिल्लीच्या नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचे नियम आहेत, वैमानिकाला परवाना लागतो, हे सारे ठीकच. पण माळावर जमलेल्या हजारभर माणसांना पंख्यापासून चार हात लांब ठेवण्यासाठी चार खुंट्या आणि एक सुतळी लागते, तिचीच टंचाई का पडावी?

विषय निघालाच आहे तर हेही लिहितो. त्या दिवशी फुगा उतरला तो आमच्या शेजाऱ्यांच्या घाटे धरलेल्या हरभऱ्यात. मागोमाग जीप आली आणि मोबाइल उंचावत शे-दोनशे माणसे उभ्या पिकात शिरली. भरपाई म्हणून शेजाऱ्यांना पायलटसोबत एक फोटो मिळाला.

पुढच्या रविवारी पुन्हा उड्डाणे आहेत, अशी जाहिरात कालच्याच अंकात पाचव्या पानावर आहे आणि तीत ‘सहकुटुंब यावे’ असे आग्रहाने म्हटले आहे. त्याखाली ‘पदर, ओढणी, मफलर खोचून यावे व पंख्याच्या मागे उभे राहू नये’ एवढी ओळ आपण छापावी. आयोजक त्या ओळीचे पैसे देणार नसतील, तर बिल माझ्याकडे पाठवावे.

आपला,
एक जुना वर्गणीदार