काकांना स्टेरॉईड काहून दिलं?

ती. आई-बाबांना साष्टांग नमस्कार.

बाबा, परवा तुम्ही विचारलं ते अगदी नेमकं होतं. काकांना जंतूंचा मेंदूज्वर झालाय, तर प्रतिकारशक्ती दाबणारं स्टेरॉईड डॉक्टरांनी काहून द्यावं? फोनवर घाईत सांगण्यासारखं नाही, म्हणून लिहिते.

आपल्याकडे मेंदूज्वर म्हटलं की चांदीपुरा आठवतो. तो विषाणू 1965 साली आपल्या नागपूरकडेच सापडला, गावाचंच नाव त्याला मिळालं. काकांचा आजार निराळा आहे. न्यूमोकोकस नावाचा जिवाणू रक्तातून मेंदूच्या आवरणात शिरला.

गहू निघाल्यावर धुरा जाळताना एक जण निंबाची ओली डहाळी घेऊन कडेला उभा राहतो ना, तशा शरीरात सूज आवरणाऱ्या काही पेशी असतात. त्यांना रेग्युलेटरी टी पेशी म्हणतात, थोडक्यात टी-रेग. मदतनीस टी पेशी नावाच्या पांढऱ्या पेशींत त्या शेकडा 5 ते 10च. आयएल-2 हे लढाऊ पेशींचं खाद्य त्या स्वतःच ओढून घेतात, शिवाय आयएल-10 नावाचं रसायन सोडतात, त्यानं सूज उतरते. 2025चं वैद्यकाचं नोबेल याच पेशींच्या शोधाला मिळालं. आयएल-10 नसलेल्या उंदरांना हाच आजार दिला, तर मेंदूतली सूज जास्त भडकते.

अडचण वेळेची आहे. न्यूट्रोफिल, म्हणजे जंतू खाणाऱ्या पांढऱ्या पेशी, काही तासांत लोंढ्यानं येतात. टी-रेगचा जोर चढायला दिवस लागतात. डहाळीवाला फार लवकर धावला तर काडीकचरा तसाच राहतो, इथे जंतूला रान मोकळं मिळतं. उशिरा धावला तर शेजाऱ्याचा उभा गहू जातो. कवटी हाडाची, सुजलेल्या मेंदूला सरकायला जागाच नसते.

त्यात अँटिबायोटिकनं जंतू फुटतो, त्याच्या भिंतीचे तुकडे मेंदूभोवतीच्या पाण्यात पसरतात आणि आग पुन्हा भडकते. म्हणून ती दाबायला डेक्सामेथासोन हे स्टेरॉईड 10 मिग्रॅ दर 6 तासांनी, 4 दिवस, तेही अँटिबायोटिकच्या पहिल्या डोसाआधी 15-20 मिनिटं किंवा सोबतच. 2002 साली युरोपात 301 प्रौढ रुग्णांवर हे तपासलं, मृत्यू 15 टक्क्यांवरून 7 वर आले. आफ्रिकेतल्या मलावीत मात्र असा फायदा दिसला नाही, तेव्हा याला रामबाण समजू नका. जंतू लिस्टेरिया निघाला तर स्टेरॉईड थांबवतात. आणि स्टेरॉईड 4 दिवसांत संपलं म्हणून सेफ्ट्रिॲक्सोन हे अँटिबायोटिक थांबवायचं नाही, न्यूमोकोकसला ते 10 ते 14 दिवस लागतं. काकूंना हे दोनदा सांगा.

आई, तपासणीसाठी मेंदूभोवतीचं हेच पाणी पाठीतून काढलं की माणूस लुळा पडतो, ही भीती मनातून काढून टाक. सुई कमरेत टोचतात, मज्जारज्जू त्याच्या वरच संपलेला असतो. निरोगी माणसाचं हे पाणी नितळ असतं, नळीमागे छापील कागद धरला तर अक्षरं वाचता येतात. या आजारात ते तांदळाच्या धुवणासारखं गढूळ होतं. एका घनमिलिमीटरात 5 पर्यंत असणाऱ्या पांढऱ्या पेशी हजारावर जातात, साखर घटते. ती रक्तातल्या साखरेशी ताडून पाहतात, म्हणून बोटातूनही रक्त घेतात.

तुमच्या वयात मान ताठ होईलच असं नाही. तापात माणूस बरळायला लागला, झोपेतून उठेना, तर सकाळची वाट पाहू नका, रात्रीच 108 ला फोन करा. अशा रुग्णाला अँटिबायोटिकचं पहिलं इंजेक्शन तासाभरात मिळायला हवं, पाणी काढायला उशीर होत असेल तर त्याआधीच.

काकांना सुट्टी होण्याआधी कान तपासून घ्यायला लावा, निदान त्यानंतर महिन्याभरात तरी. ऐकू येणं गेलं असेल तर आतल्या कानात हाड भरायला लागतं, मग तिथे ऐकण्याचं यंत्र (कॉक्लिअर इम्प्लांट) बसवणं अवघड होतं.

तुमची लेक