काका, त्या दिवशी ओरडलात म्हणून

ती. काका,
सा. न. वि. वि.

तुमचा पहिला फोन मी मधेच कापला होता, हे आधी कबूल करतो. ३० डिसेंबर २०२१, गुरुवार, त्या वणव्याचा दिवस, दुपारचे बारा वाजून गेलेले. कोलोरॅडोतल्या सुपिरियरच्या घरात मी ऑफिसच्या मीटिंगमध्ये होतो आणि तुम्ही थॉर्नटनहून ओरडत होतात, "पासपोर्ट, आईची औषधं, चार्जर. बास. नीघ!" मंडळात तुम्ही सगळ्यांनाच ओरडता, खुर्च्या नीट रचल्या नाहीत तरी. मला वाटलं, त्यातलंच. माझ्या मोबाइलवर इशाऱ्याचा एकही मेसेज नव्हता. आग गवताला लागलेली; मधे रस्ते, पार्किंग, दुकानं. घरापर्यंत कशाला येतेय?

मग तुम्ही आईला फोन लावलात. "ताई, पोराचं ऐकू नका. दार उघडून वारा बघा."

आई साताऱ्याची. नोव्हेंबरात प्रवासाचे निर्बंध उठले तशी आलेली. वणवे तिनं लहानपणापासून पाहिलेत, पण ते रात्री डोंगरावर सावकाश सरकणारे. इथं तिनं दार उघडलं आणि ते हातातून सुटून भिंतीवर आपटलं. ताशी दीडशे किलोमीटरच्या पुढचा वारा होता त्या दिवशी. धूर वर जातच नव्हता, रस्त्याला धरून आडवा पळत होता. आईनं देव्हाऱ्यातला बाळकृष्ण पदरात बांधला आणि गाडीत जाऊन बसली. माझी मीटिंग अजून चालूच होती.

मॅकॅसलिन रस्त्यावर गाड्या हलेनात. मी हायवे ३६ कडे वळणार, तेवढ्यात स्पीकरवर तुम्ही, "खुळ्या, तिकडं नको! दक्षिणेला जा, १२८ गाठ." तासभर तुम्ही फोन ठेवला नाहीत.

त्या एका दिवसात सुपिरियर, लुईव्हिल आणि आसपासची मिळून १,०८४ घरं गेली. आमचं राहिलं, मागची रांग गेली. वसंतातल्या पावसानं माजलेलं गवत पुढचे सहा महिने वाळत राहिलं होतं, हे आम्ही नंतर वाचलं. तुम्ही मात्र गणपतीला आलात तेव्हाच मागच्या अंगणात उभे राहून म्हणाला होतात, "ह्या गवतात लाकडी कुंपण? वात आहे ही, घरापर्यंत नेलेली." कित्येक ठिकाणी आग खरंच कुंपणावरून घराला भिडली.

दुसऱ्या रात्री बर्फ पडायला लागला. आई तुमच्या खिडकीशी उभी राहून म्हणत होती, "कालच का नाही पडलं रे?" तेव्हा तुम्ही काहीच बोलला नाहीत. काकूंनी तिच्या हातात चहा दिला.

वीस दिवस तुमच्याकडे राहिलो. परतलो तेव्हा घरभर राख, उशीच्या अभ्र्यातसुद्धा. घर गरम ठेवणाऱ्या फर्नेसचा फिल्टर तुम्ही स्वतः तीनदा बदललात, आणि तिन्ही वेळा तो उलटा बसवला होता म्हणून मला बोललात.

आता कुंपण लोखंडी घातलंय. एकदा काकूंना घेऊन या, आणि काय चुकलंय ते सांगा.

तुमचा,
खुळ्या