तटाबाहेरच्या वस्तीलाही जागा द्यावी

मा. संपादक महोदय,
स. न. वि. वि.

आपल्या रविवार पुरवणीतील उत्तर इंग्लंडमधील हेड्रियनच्या भिंतीवरचा सचित्र लेख आवडीने वाचला. इ. स. 122 च्या सुमारास सुरू झालेले बांधकाम, तटाची रचना आणि रोमन फौजेची शिस्त यांचे वर्णन नेटके आहे. मात्र तेथील लष्करी ठाण्यांच्या दरवाजांबाहेर वसलेल्या नागरी वस्त्या लेखकाने एका वाक्यात उरकल्या, याची ग्वाल्हेरच्या लष्कर या भागात राहणाऱ्या माझ्यासारख्या वाचकाला खंत वाटल्यावाचून राहत नाही.

सैनिकाला रोख पगार मिळत असे, आणि तो खर्च करायला आसपास दुसरी मोठी बाजारपेठ नसे. त्यामुळे ठाणे उभे राहिले की व्यापारी, लोहार, चर्मकार आणि दारूविक्रेते पाठोपाठ येऊन रस्त्याच्या दुतर्फा घरे बांधत. या घरांचा दर्शनी भाग अरुंद आणि मागची लांबी भरपूर असे. पुढे दुकान वा कारखाना आणि मागे बिऱ्हाड. सैनिकांची कुटुंबेही बऱ्याच अंशी येथेच राहत असावीत, कारण सम्राट सेप्टिमियस सेव्हेरसच्या काळापर्यंत साध्या सैनिकाला कायदेशीर विवाहाची मुभा नव्हती, तरी घरसंसार मात्र होतेच. भिंतीवरील हाऊसस्टेड्स ठाण्याबाहेरच्या अशाच एका घराच्या जमिनीखाली दोन सांगाडे मिळाले असून त्यांपैकी एकाच्या बरगड्यांत सुरीचे पाते होते. ही खुनाची हकिगत सगळे सांगतात. मला तिच्याहून अधिक मोलाची वाटते ती भिंतीजवळच्याच विंडोलांडा या ठाण्यापाशी 1914 साली सापडलेली वेदी. अग्निदेव व्हल्कनला अर्पण केलेल्या या वेदीवर कोणा सेनापतीचे नाव नसून ‘विंडोलांडाचे ग्रामस्थ’ असा सामुदायिक उल्लेख आहे. ठाण्याच्या आश्रयाने राहणारे हे लोक स्वतःला एक गाव मानत होते आणि गाव म्हणून एकत्र येऊन निर्णय घेत होते, याचा याहून स्पष्ट पुरावा कोणता हवा?

साउथ शील्ड्सच्या ठाण्याजवळ सापडलेला रेजिनाचा समाधिलेख तर अवश्य छापण्यासारखा आहे. ती दक्षिण ब्रिटनमधील जमातीची, आधी दासी आणि नंतर मुक्त झालेली पत्नी. तिचा पती बारातेस दूर सीरियातील पाल्मिराचा. तिसाव्या वर्षी वारलेल्या पत्नीसाठी त्याने लॅटिन मजकुराखाली आपल्या मायबोलीतही एक ओळ कोरवून घेतली.

हे सारे ग्वाल्हेरात वाचताना परके वाटत नाही. 1810 च्या सुमारास दौलतराव शिंद्यांचा तळ किल्ल्याच्या दक्षिणेस पडला आणि त्या तळाचेच पुढे लष्कर शहर झाले. सरदारांच्या गोठी (म्हणजे त्यांच्या वाड्यांभोवतीच्या वस्त्या), सराफा, दौलतगंज, कंपू हा सारा भाग फौज आणि दरबार यांच्या गरजांतून वाढला. दक्षिणेतून आलेली आपली मराठी कुटुंबेही त्यात आहेत. पण एक फरक आहे आणि तो अभ्यासण्याजोगा आहे. उत्तर ब्रिटनमधील यांतील बऱ्याच वस्त्या तिसऱ्या शतकाच्या उत्तरार्धात ओस पडत गेल्या, ठाण्यांत शिबंदी मात्र पुढेही शतकभर टिकली. आपल्याकडे उलट घडले: 1844 च्या इंग्रजांशी झालेल्या तहाने शिंद्यांच्या सैन्यावर मर्यादा आली, तरी बाजार आणि वस्ती वाढतच राहिली. माझ्या मते याचे कारण, येथे फौजेबरोबर राजधानीही आली होती आणि कारकून, कारागीर व सावकार यांना फौजेपलीकडचे गिऱ्हाईक मिळाले होते. कोणी जाणकाराने हे मत तपासून पाहावे, चूक ठरले तरी हरकत नाही.

विंडोलांडाला दरवर्षी काळजीपूर्वक उत्खनन होते आणि जोड्याचे तळवेसुद्धा नोंदवून जपले जातात. लष्करमध्ये खोदण्याची गरज नाही. वाडे अजून उभे आहेत, मात्र एकेक करून पडत आहेत आणि पाडण्यापूर्वी त्यांचा साधा नकाशाही कोणी काढून ठेवत नाही. घराघरांतील मोडी कागद, जमाखर्चाच्या वह्या, खरेदीखते यांत फौजेला धान्य कोणी पुरवले, घोड्यांचे खोगीर कोणी शिवले, कोणाचे दुकान कोणत्या गल्लीत होते हे लिहिलेले असणार. किल्ल्याबद्दल आपण पुष्कळ वाचतो. या माणसांबद्दल फार थोडे.

म्हणून विनंती अशी की, आपण लष्करच्या पेठा आणि गोठी यांवर एक लेखमाला सुरू करावी, वाचकांकडून अशा कागदांची छायाचित्रे मागवावीत आणि मोडी जाणणाऱ्यांकडून ती वाचून घ्यावीत. महानगरपालिकेनेही जुना वाडा पाडण्याची परवानगी देताना त्याची मोजमापे व छायाचित्रे दप्तरी जमा करण्याची अट घालावी.

कळावे, लोभ असावा.

आपला नम्र,
एक वाचक
लष्कर, ग्वाल्हेर